वाफेला लागेल तेवढं दार

मध्य भारत संपून मध्य प्रदेश झाला, त्या दिवशी आमच्या कचेरीची पाटी उतरवली. दुपारी हुकूम आला. कचेरी भोपाळला जाणार होती. ग्वाल्हेरला एक इन्स्पेक्टर राहणार होता. कचेरीत इन्स्पेक्टर दोन होते.

त्यांतले एक इंदूरचे. तरुण, हुशार, पण ग्वाल्हेरचं पाणी, ग्वाल्हेरची थंडी आणि ग्वाल्हेरचे पोहे यांतलं काहीच त्यांना मानवत नसे. दुसरे आमचे साहेब. बॉयलर आणि कारखाने तपासायच्या त्या कचेरीत मी नकाशे काढायला होतो, म्हणून साहेब मला 'नकाशे' म्हणत. माझं खरं आडनाव त्यांना ठाऊक होतं की नाही, मला शंका आहे. कुणाला ओळख करून देतानाही 'हे आमचे नकाशे' एवढंच सांगत, आणि लोक मला पत्रिकेवर त्याच नावानं लग्नाची आमंत्रणं पाठवत.

साहेबांचं घराणं दक्षिणेतून फौजेबरोबर आलेलं, तोफखान्याकडचं. "पूर्वजांनी दारू ठासली," ते म्हणत, "मी तिला निघायला वाट करून देतो." पुण्याला इंजिनियरिंग शिकून ते दरबारच्या नोकरीत लागले होते. दरबार गेला, मध्य भारत आला. मग राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला असे, तेव्हा फायलींच्या पेट्या आगगाडीनं जात-येत. साहेब प्रत्येक खेपेला पेट्या बांधताना उभे राहत आणि म्हणत, "झाकण खिळ्यांनी ठोकू नका रे. उघडायची पाळी येते तेव्हा खिळे काढायला वेळ नसतो."

कुठल्याही खोलीत शिरले की माणसांकडे बघायच्या आधी ते दारांकडे बघत. किती दारं, किती रुंद, आत उघडतात की बाहेर. आत उघडणारं दार त्यांना सहन होत नसे. स्वतःच्या घराचं पुढचं दार त्यांनी उलटं बसवून घेतलं होतं, त्यामुळे गल्लीतून जाणाऱ्याच्या नाकावर ते अधूनमधून आपटे. शेजारी तक्रार करायला आले की साहेब त्यांना चहा पाजत आणि समजावून सांगत, की आग लागली तर तुमचं नाक महत्त्वाचं की आमचा जीव. शेजाऱ्यांना ते पटत नसे, पण चहा चांगला असे.

त्यांच्या पुतणीच्या लग्नात मी होतो. मांडवाला पुढे एक दार, बाकी सगळीकडून कनात. साहेब अक्षता हातात घेऊन मंगलाष्टकं चालू असताना मांडवाला फेरी घालून आले आणि दोन गड्यांना हाताशी धरून मागची कनात सोडायला लागले. मुलीचे वडील, म्हणजे साहेबांचे चुलतभाऊ, बोहल्याजवळून खुणा करताहेत, भटजींचा सूर चुकतोय, आणि साहेब शांतपणे दोऱ्या सोडताहेत. शेवटचं 'सावधान' झालं आणि चारशे माणसं एकदम जेवणाकडे वळली. त्यांतली निम्मी मागून गेली. दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ चिडून म्हणाले, "अरे, पुढचं दार पुरलं असतं. माणसं काय, दिवसभर थोडी थोडी येतात-जातात."

"येताना थोडी थोडी येतात," साहेब म्हणाले. "निघताना भूक लागलेली असते."

त्यांची सगळी विद्या या एका वाक्यात होती असं मला पुढे वाटायला लागलं. दाबाखाली चालणाऱ्या भांड्याला सुरक्षा-झडप लावतात. आतला दाब ठरल्या मर्यादेवर गेला की ती आपोआप उघडते आणि वाफ बाहेर सोडते. ती झडप केवढी असावी, हा हिशेब साहेब करत. मी आधी समजत असे की रोज जेवढी वाफ लागते त्यावरून तो करायचा. साहेबांनी माझ्यापुढे कोरा कागद टाकला.

"नकाशे, हे भांडं. आता तुम्ही त्याचे दुश्मन आहात. त्याला फोडायचंय. कसं फोडाल?"

मी विचार करून सांगितलं, बाहेर जायची नळी बंद करीन.

"शाबास. आणखी?"

खाली आग लावीन. थंड पाण्याचा नळ तोडीन. वाफ आत येते त्या नळीवरचा बंधारा, म्हणजे वाफ आवरणारी चावी, पुरा उघडून ठेवीन.

"आता प्रत्येक वेळी आत किती वाफ साठेल ते काढा. त्यांतली जी सगळ्यांत जास्त, तिला जेवढं दार लागेल तेवढं द्यायचं. बेरीज नाही, सरासरी नाही. सरासरीचा दिवस आला तर झडपेची गरजच काय?"

मग ते खिशातून आकडेमोडीची सरकपट्टी काढत, एक डोळा मिटत, आणि आकडा सांगण्याआधी नेहमी एकदा नाक शिंकरत. दाराचा व्यास दुप्पट केला की वाट चौपट होते, हे ते भेटेल त्याला सांगत. सराफ्यातल्या एका सोनाराला त्यांनी हे बांगड्यांवरून पटवून दिलं होतं. सोनार म्हणाला, "साहब, ये हिसाब आप मेरी घरवाली को मत बताना।"

कचेरीत त्यांनी एक चाल पाडली होती, तिला आम्ही 'शनिवारची झडप' म्हणायचो. शनिवारी जेवणानंतर साहेब खुर्चीत मागे रेलून डोळे मिटत, आणि कुणीही येऊन त्यांना काय वाटेल ते बोलावं. उत्तर मिळत नसे. रागही नसे. सोमवारी त्या बोलण्याचा उल्लेख होत नसे. आमचा म्हातारा चपराशी, ज्याला सगळे दाऊ म्हणत, या सोयीचा सर्वांत जास्त फायदा घेई. साहेबांचा कोट, साहेबांचं घोरणं, साहेबांनी त्याच्या मुलाला नोकरी लावून दिली नाही ती गोष्ट, सगळं तो सावकाश बोलून घेई आणि मग म्हणे, "बस, आज इतना ही।" साहेब डोळे उघडत आणि पाणी मागत.

साहेबांना ग्वाल्हेर सोडायचं नव्हतं, कारण आक्का होत्या. आक्का त्यांची थोरली बहीण. साहेबांनी लग्न केलं नव्हतं आणि आक्कांचं फार लवकर संपलं होतं. सराफ्याच्या मागच्या गल्लीत दोघं राहत. आक्कांची नजर जवळजवळ गेली होती, पण त्या गल्लीत त्यांना नजरेची गरज पडत नसे. भिंतीला हात लावून त्या एकट्या देवळात जात, भाजी आणत, वाटेत चार घरी थांबून चार भांडणं मिटवत. "भोपाळला मला खोलीत बसवून ठेवशील आणि कुलूप लावून जाशील," त्या साहेबांना म्हणत. "इथे मी अख्ख्या बाजारला ओळखते. तिथे मला कोण पूछणार?"

त्याच सुमारास शहरातल्याच हजीऱ्याकडच्या एका सेठजींनी साबणाच्या कारखान्यात नवं भांडं आणलं. उंच, पोलादी, दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी डोकं बाहेर येऊ नये असं. त्यात तेल आणि पाणी वाफेच्या दाबाखाली शिजवायचं, म्हणजे तेल फुटून ग्लिसरीन वेगळं होतं. कारखान्याचा बॉयलर दीडशे पौंड दाबाचा, भांडं शंभर पौंडांचं. मधल्या नळीवर दाब उतरवणारा बंधारा होता. तो दीडशेचे शंभर करून वाफ आत सोडी.

साहेबांनी विचारलं, "हा बंधारा उघडाच अडकला तर?"

"नया है, साहब," सेठजी म्हणाले. "विलायती है।"

"विलायती चीज़ें भी अटकती हैं, सेठजी। आदमी भी अटक जाते हैं।"

हिशेब झाला. बंधारा पुरा उघडा राहिला तर त्या नळीतून जेवढी वाफ आत धडकेल, तिच्यासाठी भांड्यावरची झडप फारच लहान होती. बनवणाऱ्यानं ती रोजच्या वापरावरून लावली होती. साहेबांनी लिहून दिलं, की दुप्पट व्यासाची झडप हवी, नाहीतर परवाना नाही. कानपूरहून ती यायला आणि भांड्याच्या झाकणाला नवं तोंड पाडायला कित्येक महिने जाणार होते.

सेठजी माणूस वाईट नव्हता. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा, पण घाईचा. नव्या सरकारातल्या एका मंत्र्यांशी त्यांचं जाणं-येणं होतं. एक दिवस ते कचेरीत आले, सर्वांसाठी मिठाई घेऊन, आणि म्हणाले, "साहब, सुना है ग्वालियर में एक ही कुर्सी रहेगी। मैं भोपाल जा रहा हूँ। आपकी बात कर आऊँ?"

"ज़रूर कीजिए," साहेब म्हणाले. "और लौटते में कानपुर होते आइए, वाल्व लेते आइए।"

सेठजी हसले, पण पुरतं नाही.

त्या शनिवारी दाऊ खुर्चीसमोर उभा राहिला. साहेबांनी डोळे मिटले होते. दाऊ नेहमीसारखा कोटापासून सुरू झाला नाही. म्हणाला, "साहब, आप दस्तख़त कर दो। छोटी झडप से क्या बिगड़ता है। मिल में इतने साल से कौन सा भाँडा फटा? आक्का बाई का सोचो। अंधी को कहाँ ले जाओगे? आपकी तो ज़िद है, भुगतेगी वो।" मी टेबलावर वाकून रेघ मारत होतो, ती वाकडी गेली. दाऊ दाराकडे वळला. मग म्हणाला, "बस।" साहेबांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

सरकारी कचेरी हलायला वेळ लागतो. पाटी उतरली तरी आम्ही जवळजवळ वर्षभर तिथेच होतो, पाटीच्या जागचा पांढरा चौकोन बघत. मोठी झडप आली. सेठजींनी दसऱ्याचा मुहूर्त धरला. पूजा, मग मंत्र्यांच्या हातून वाफेचं चाक फिरवणं, मग फराळ. साहेबांची अट एवढीच होती, की त्याच वेळी झडप सर्वांसमोर उघडून दाखवायची. सेठजींना ती कल्पना आवडली. "तोप की सलामी जैसी आवाज़ होगी," ते म्हणाले.

झडप दांड्याची होती. तोंडावर एक आडवा लोखंडी दांडा, त्याच्या टोकाला वजन. वाफेचा जोर वजनापेक्षा जास्त झाला की दांडा उचलतो. वजन कुठे ठेवायचं ते साहेबांनी आदल्या संध्याकाळी स्वतः ठरवून, कुणी ते सरकवू नये म्हणून, त्याला शिशाची मोहोर लावली होती.

चाचणीच्या वेळी साहेबांची एक पद्धत होती. भांड्यापाशी खुर्ची मागवत आणि काट्याकडे पाठ करून बसत. खिशात भुईमुगाच्या शेंगा. काटा मी बघायचा, पण आकडा सांगायचा नाही. ठरल्या दाबाच्या दहा पौंड वर गेला तरच खोकायचं. "काटा खोटं बोलू शकतो, नकाशे. आवाज खोटं बोलत नाही." जवळ उभ्या असलेल्या कामगारांनाही ते शेंगा वाटत. आपण हिशेब केलेल्या झडपेखाली बसायची आपली तयारी आहे, हे लोकांना दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

दसऱ्याच्या सकाळी भांडं ओळखू येत नव्हतं. झाकणापासून खालपर्यंत झेंडूच झेंडू. सिंदूर, अक्षता, उदबत्त्यांचा धूर. साहेबांनी वर बघून दोन्ही हात जोडले आणि खुर्चीत बसले. मंत्र्यांनी चाक फिरवलं. टाळ्या झाल्या. काटा चढायला लागला. साठ, ऐंशी, नव्वद. साहेब शेंगा सोलत होते. शंभर. मी कान टवकारले. काही नाही. एकशे पाच. एकशे आठ.

मी खोकायच्या आधीच साहेब उठले. त्या खुर्चीतून ते चाचणी संपण्यापूर्वी उठलेले मी तेव्हाच पाहिले. ते धावले नाहीत. मंत्र्यांना "जरा माफ़ करें" म्हणून बाजूला केलं आणि चाक बंद केलं, मग दुसरी वाट उघडून दाब उतरू दिला. काटा खाली आल्यावर कोटासकट शिडी चढले.

झेंडूच्या आत, दांड्याच्या अगदी टोकाला, लाल कापडात बांधलेला नारळ लोंबत होता. कापडात नारळाबरोबर गहू, सुपारी, हळकुंडं. गाठोडं पडू नये म्हणून दांडाही खालच्या कड्याला लाल नाड्याच्या कितीतरी वेढ्यांनी आवळलेला.

"ये किसने बाँधा?" साहेबांनी वरून विचारलं.

कारखान्याचा मिस्त्री पुढे आला. रामदीन त्याचं नाव. वीस वर्षं बॉयलरवर काढलेला, सुरक्षेच्या बाबतीत साहेबांचा आवडता माणूस. हात जोडून म्हणाला, "हमने बाँधा, साहब। मन्नत का है। कि इस पर काम करने वालों को कभी आँच न आए। बाँधने को वही एक जगह दिखी।"

कुणी हसलं नाही. साहेब शिडीवर उभे राहून विचार करत होते. टोकावर शेरभर टांगलं की झडपेच्या तोंडावर दहा शेर बसतात, हे रामदीनला सांगण्याची ती वेळ नव्हती. खालून सेठजी हळू आवाजात म्हणाले, "साहब, मन्नत का नारियल है, उतारना अपशकुन है। मंत्रीजी को जाना है। काग़ज़ पर आज दस्तख़त कर दीजिए, जाँच कल कर लेंगे। भोपाल वाली बात भी आज ही पक्की हो जाएगी।"

हे मी ऐकलं, शिडीजवळ उभ्या चार-पाच जणांनी ऐकलं. साहेबांनीही ऐकलं. त्यांनी खिशातला चाकू काढून नाडा कापला, नारळ दोन्ही हातांनी उतरवून कपाळाला लावला आणि शिडी उतरले.

"रामदीन," ते म्हणाले, "मन्नत बोल दी, भगवान ने सुन ली। अब नारियल फोड़ते हैं, टाँगते नहीं। फोड़ो, और सबको बाँटो। पहला टुकड़ा मुझे।"

रामदीननं नारळ फोडला. साहेबांनी खोबरं तोंडात टाकलं आणि खुर्चीत परत बसले. भांडं पुन्हा तापवायला अर्धा तास लागणार होता. मंत्र्यांनी घड्याळ पाहिलं आणि फराळ न करता निघून गेले. सेठजी त्यांच्या मोटारीमागे दारापर्यंत चालत गेले आणि तिथेच उभे राहिले.

दुसऱ्यांदा काटा शंभरावर आला आणि झडप उघडली. तोफेची उपमा सेठजींनी बरोबर दिली होती. झेंडूचे हार छपरापर्यंत उडाले, आचारी कढई सोडून पळाला, आणि पुढच्या रांगेतल्या व्यापाऱ्यांच्या टोप्या पांढऱ्या ढगात दिसेनाशा झाल्या. साहेब शेंगा सोलत, डोळे मिटून ऐकत होते. झडप नीट बसल्यावर त्यांनी तिथेच परवान्यावर सही केली.

महिन्याभरात हुकूम आला. ग्वाल्हेरला इंदूरचे इन्स्पेक्टर राहणार होते. ते बिचारे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मला त्यांच्या हाताखाली ठेवलं होतं. साहेब भोपाळला.

आक्का गेल्या नाहीत. सामान बांधताना मी मदतीला होतो. आक्का ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या, बोटांनी.

"सही केली असतीस तर?" त्यांनी विचारलं.

"केली की," साहेब म्हणाले. "अर्ध्या तासानं केली."

"तेच ना रे बाबा. अर्धा तास." आणि त्या हसायला लागल्या, इतक्या की सूप मांडीवरून सरकलं. साहेबही हसले. मग बराच वेळ दोघं खाली सांडलेले तांदूळ वेचत बसले. साहेब आक्कांच्या हाताशी दाणे सरकवत होते, त्यांना सापडावेत म्हणून.

महिन्यातून एका शनिवारी ते रेल्वेनं येत. उतरले की आधी घरी, मग कचेरीत, दाऊला भेटायला. दाऊ त्यांना खुर्चीत बसवी आणि महिन्याभराचं साठलेलं बोलून घेई.

असे काही हिवाळे गेले. एक दिवस भरदुपारी सेठजींच्या कारखान्याकडून आवाज आला. किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत ऐकू गेला म्हणतात. विलायती बंधारा उघडा अडकला होता. मी पोचलो तेव्हा झडप अजून गर्जत होती आणि छपरावरून साबणाचं पाणी गळत होतं. रामदीननं बॉयलरकडून वाफ तोडल्यावर ती बसली. भांड्याजवळ त्या पाळीची आठ-दहा माणसं होती. सगळी पांढरीफटक, डोक्यापासून पायापर्यंत चिकट, आणि एकमेकांकडे बघून हसत होती. आधीच्या लहान झडपेतून त्या वाफेची जेमतेम चौथाई निघाली असती, हे मी नंतर कागदावर काढून पाहिलं.

मी भोपाळला फोन लावला.

"काटा कुठवर गेला?" साहेबांनी विचारलं.

"एकशे सहा."

"बसली नीट? गळत नाही?"

"नाही."

"मग झालं. आक्काला सांगा, या शनिवारी येतोय. तिला भाजीला कोण नेतंय सध्या?"

सेठजी त्यानंतर स्वतःच्या खर्चानं भोपाळला गेले, साहेबांना परत आणा म्हणून. या वेळी त्यांच्याबरोबर मिठाई नव्हती, रामदीन होता. मंत्री बदलले होते. ग्वाल्हेरला जागा एकच होती आणि ती भरलेली होती. साहेब तिकडेच राहिले आणि पेन्शनला थोडे दिवस उरले असताना, चहा पिता पिता, खुर्चीत गेले. मी आक्कांना सांगायला गेलो. त्यांनी भिंतीला हात टेकला. मग म्हणाल्या, "खोलीचं दार उघडं होतं का रे?"

"उघडं होतं."

"मग बरं," त्या म्हणाल्या, आणि मला बसायला सांगितलं.

आता आक्का नाहीत, दाऊ नाही, सेठजी आणि रामदीनही नाहीत. कारखाना बंद पडला, भांडं भंगारात गेलं, त्या जागी बटाट्याचं गोदाम आहे. त्या दुपारी भांड्याजवळ असलेली माणसं त्यानंतर कामावर जात राहिली, त्यांची लग्नं झाली, मुलं झाली, ती म्हातारी झाली. त्यांतले दोघं अजून आहेत. हजीऱ्याला राहतात.